गुणांआधी सौदा

परीक्षा संपली की विद्यार्थ्याची सुटका होते आणि पालकांची परीक्षा सुरू होते. २०२५ साली ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा ४ मे रोजी झाली. निकाल लागला १४ जूनला. मधल्या एक्केचाळीस दिवसांत आपले गुण किती, हे कोणाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते. जागांचा व्यापार करणाऱ्या मध्यस्थांना मात्र गुणांची वाट पाहण्याची गरज नसते. ‘निकालानंतर भाव चढेल, आजच जागा धरून ठेवा,’ हे त्यांचे पालुपद सुशिक्षित घरांतूनही ऐकून घेतले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

गुण हाती येण्यापूर्वी अर्ज करणे मुळातच गैर आहे, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत तशी मुभा आहे. अर्जाची छाननी होत राहते आणि प्रवेशपरीक्षेचे गुण मागाहून जोडले जातात. परंतु अर्ज वेगळा आणि सौदा वेगळा. आपल्याकडे खासगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून, ‘नीट’च्या गुणानुक्रमानेच होतात. प्रवेशासाठी देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा निकालाआधी जागा ‘धरून’ देणारा मनुष्य एक तर कायदा मोडतो, नाही तर गिऱ्हाईकाला फसवतो.

परदेशी प्रवेशाचा मोह याहून घातक आहे. भारतात वैद्यकी करू इच्छिणाऱ्याने परदेशी जाण्यापूर्वी ‘नीट’ उत्तीर्ण झालेच पाहिजे, हा नियम २०१८ पासून आहे. निकालाआधी शुल्क भरून विमानात बसलेला मुलगा अनुत्तीर्ण ठरला, तर त्याच्या पुढल्या पदवीला मायदेशी काय मोल राहणार?

आमच्या शिक्षकी दिवसांतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी निवृत्तिवेतनाच्या निधीतील मोठी रक्कम निकालाआधीच एका मध्यस्थाच्या हाती ठेवली होती. पुढे मुलाला स्वतःच्या गुणांवर सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. रक्कम परत आली नाही. ते गृहस्थ आम्हांला म्हणाले, “पैशाचे दुःख नाही, मास्तर. पोरावर विश्वास ठेवला नाही, याचे आहे.”

निकालाची तारीख आधी जाहीर करून ती पाळणे आणि मध्यस्थांवर निकालापूर्वीच कारवाई करणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. परंतु सौद्याला दोन बाजू असतात. गिऱ्हाईक दारातूनच परतले, तर दुकान किती दिवस चालेल? महिनाभर धीर धरणे आणि गुण अपुरे पडल्यास दुसरी वाट सन्मानाने स्वीकारणे, एवढे तरी पालकांच्या हाती खचित आहे.