नेमून दिलेल्या कामाशी झुंज

साप्ताहिक सदर : तालीम आणि मैदान

मल्लाची पाठ मातीला लागली की कुस्तीचा निकाल लागतो. त्या निकालास घड्याळ लागत नाही, तराजू लागत नाही, दप्तर तर लागतच नाही, आणि म्हणूनच कोल्हापूर प्रांतातील मल्लविद्येने पिढ्यान्‌पिढ्या केवळ पाहणाऱ्यांच्या साक्षीवर आपले वैभव उभे केले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभे राहून १९१२ साली पूर्ण झालेले खासबागेचे मैदान हे त्या वैभवाचे राजपीठ होय. आमच्या वारणानगरातही येथील सहकारी उद्योगांचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीस, १३ डिसेंबरला, जंगी कुस्ती मैदान भरते, आणि त्या दिवशी वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरची गावे इकडे लोटतात. या परंपरेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि त्या आदरापोटीच आज तिच्या शेजारी एका नव्या स्पर्धेला जागा द्यावी असे सुचविण्याचे धाडस मी करीत आहे.

ही स्पर्धा म्हणजे आजचे तरुण जिला ‘फंक्शनल फिटनेस’ म्हणतात ती. २००७ साली कॅलिफोर्नियातील एका पशुपालनाच्या रानात ‘क्रॉसफिट गेम्स’ नावाने तिचा एक प्रकार सुरू झाला. दुसरा, ‘हायरॉक्स’, २०१७ साली जर्मनीतील हॅम्बर्गला जन्मला आणि २०२५ साली मुंबईस येऊन पोचला. या दुसऱ्या प्रकारात स्पर्धकाने एक किलोमीटर धावायचे, मग एक काम उरकायचे, पुन्हा एक किलोमीटर धावायचे, असे आठ वेळा करायचे असते. आणि ती कामे म्हणजे यंत्रावर हजार मीटर दोर ओढणे, वजनाची घसरगाडी पन्नास मीटर ढकलणे व तितकीच ओढून आणणे, जमिनीवर छाती टेकवून उठून पुढे उडी घेत ऐंशी मीटर जाणे, हजार मीटर वल्हविणे, दोन हातांत दोन वजने घेऊन दोनशे मीटर चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघे टेकवीत शंभर मीटर जाणे, आणि शेवटी जड चेंडू शंभर वेळा भिंतीवरच्या खुणेपर्यंत फेकणे. येथे समोर प्रतिमल्ल उभा नसतो. समोर असते नेमून दिलेले काम, आणि गट एकच असेल तर ते नवख्यालाही तेच असते नि निष्णातालाही तेच.

यात आम्हांस अपरिचित असे काय आहे? जोर, बैठका, करेला, मुद्गल, दोर आणि दगडी नाल हा तालमीचा संसार तर सर्वश्रुतच आहे. परंतु माझ्या मते या सर्वांहून श्रेष्ठ व्यायाम म्हणजे आखाड्याच्या हौद्याची लाल माती खोऱ्याने खणून वरखाली करणे, कारण त्यात पाय, कंबर, पाठ आणि श्वास या साऱ्यांना एकाच वेळी राबावे लागते, आणि वस्तादाने नव्या पोराला आरंभीच खोरे हाती देण्याचा जो शिरस्ता पाळला त्यामागे हेच शहाणपण होते. या बळामागचा विचारही आम्हांस परका नाही. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळ्याचा आणि पारगावचा असे दोन मारुती आमच्या परिसरात आहेत. बल हे सेवेसाठी असते, हे त्या दैवताच्या चरित्रानेच आमच्या पूर्वजांस शिकविले. जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९०२ साली मार्टिनिक बेटावरील ज्वालामुखीच्या प्रलयात माणसे वाचविण्याच्या कामी भाग घेतला, आणि पुढे आपली व्यायामपद्धती रचताना मनुष्याने उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हावे हेच तिचे सूत्र ठेवले. आजच्या या स्पर्धांचे मूळ शोधू गेल्यास एक धागा त्याच्यापर्यंत निश्चित जातो.

मग उणीव कोठे आहे? ती नोंदीत आहे; मैदानाबाहेरच्या बळाची दखल कोणी घेत नाही. साखर कारखान्याच्या हंगामात या पंचक्रोशीत जे बळ खर्ची पडते त्याची कल्पना मैदानावर बसून येत नाही. पहाटेच्या थंडीत ऊस तोडून, त्याची मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारी बीडकडची स्त्री जो तोल, जो दम आणि जी मानेची ताकद दाखविते ती पाहून कोणताही जाणता वस्ताद स्तब्ध होईल. येथे मात्र मला एक भेद स्पष्ट करावयाचा आहे. तिचे कष्ट मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीने बांधलेले आहेत. स्पर्धेतील श्रम स्वेच्छेचे असतात. तिच्या कष्टांना खेळ म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल, आणि तिला तमाशासारखी मैदानात उभी करणे तर त्याहून मोठा. परंतु ज्या परिसराची सारी अर्थव्यवस्था वाहण्यावर, उचलण्यावर आणि ओढण्यावर उभी राहिली, तेथे या तीन क्रियांचा सन्मान करणारे एकही मैदान नसावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

आमच्या पैलवानांनी या स्पर्धेत उतरावे, परंतु तयारीनिशी उतरावे. उचलणे आणि ढकलणे त्यांस सहज साधेल; तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मात्र भरलेल्या मांड्या आणि जड देह यांचा हिशोब द्यावा लागतो, आणि त्यासाठी जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढणीवर महिनोन्‌महिने संथ धावण्याला पर्याय नाही. शिवाय येथील पंच निष्ठुर असतो: चेंडू फेकताना घ्यावयाच्या बैठकीत जांघ गुडघ्याच्या पातळीखाली गेली नाही तर तो ‘नो रेप’ म्हणतो आणि केलेले श्रम मोजणीतून वगळले जातात. मला ही निष्ठुरता अत्यंत मोलाची वाटते, कारण तिच्यापुढे वशिला चालत नाही. एक धोकाही सांगणे अवश्य आहे. सवय नसताना ईर्षेने अतिश्रम केल्यास स्नायूंचे तंतू तुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर घाला पडतो; लघवी काळसर तपकिरी दिसू लागली तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

माझी सूचना अशी की, १३ डिसेंबरच्या कुस्त्यांच्या आदल्या दिवशी वारणानगरात अशी प्रादेशिक स्पर्धा भरवावी, आणि तिची साधने परदेशातून न मागविता येथलीच घ्यावी: दूधसंस्थेत वापरतात तसे पाणी भरलेले चाळीस लिटरचे कॅन, वजन करून बांधलेली उसाची मोळी, मातीचे पोते, दगडी नाल, आणि खणण्यासाठी आखून दिलेला हौद्याचा तुकडा. प्रत्येक वस्तूचे वजन जाहीरनाम्यात आधी छापावे, म्हणजे कोडोलीच्या आणि शिराळ्याच्या मुलाला घरी सराव करून येता येईल. हायरॉक्समध्ये हातांतील वजने खुल्या गटातील पुरुषांस चोवीस-चोवीस आणि स्त्रियांस सोळा-सोळा किलोंची असतात. तोच दाखला आरंभी पुरेसा आहे. स्त्रियांचा गट त्याच मैदानात, त्याच प्रेक्षकांपुढे, तितक्याच इनामाचा असावा, आणि चाळिशी उलटलेल्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र गटाची तजवीज असावी. निकालाची वही तालमीच्या कपाटात बंद न ठेवता दरवर्षी छापून गावोगावच्या वाचनालयांत धाडावी. पंचांची निवड मात्र दिवाळीपूर्वीच व्हावयास हवी, कारण बैठक पुरी झाली की नाही हे सतत पाहणारी नजर तयार होण्यास महिन्याभराचा सराव लागतो.

— वारणाकाठकर