घर भाड्याचे, किल्ली मात्र आपली

लग्नाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याची कागदपत्रे... हे सारे हल्ली मोबाइलमधून ‘क्लाऊड’वर जाऊन बसते. हा क्लाऊड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणारे ते दुसऱ्याचे संगणक असतात. आपण तिथले भाडेकरू. मग चोरी झाली, तर जबाबदार कोण?

ते भाडेकराराच्या प्रकारावर ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली या सेवांचे तीन प्रकार सांगितले. पहिला रिकाम्या खोलीसारखा. जागा, वीज आणि यंत्रे कंपनीची. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची डागडुजी ग्राहकाने पाहायची. दुसरा सामानासह घेतलेल्या घरासारखा. ऑपरेटिंग सिस्टीम कंपनी सांभाळते, ग्राहक फक्त आपला प्रोग्रॅम चालवतो. तिसरा लॉजसारखा. ईमेल किंवा फोटो साठवण्याची सेवा यात मोडते; सगळे तयार, आपण फक्त राहायला जायचे.

पण लॉजमध्येसुद्धा खोलीची किल्ली आपल्याच खिशात असते ना? तसाच पासवर्ड. तो कोणाला द्यायचा आणि आपली माहिती कोणाला दाखवायची, हे तिन्ही प्रकारांत ग्राहकानेच ठरवायचे असते.

याचा धडा ‘कोड स्पेसेस’ या कंपनीला फार महागात पडला. प्रोग्रॅमरांचे काम साठवून ठेवणारी ही कंपनी अमेझॉनचे संगणक भाड्याने वापरत असे. जून २०१४ मध्ये एक घुसखोर तिच्या खात्यात शिरला आणि त्याने खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, तर त्याने आधीच आपल्यासाठी चोरवाटा करून ठेवल्या होत्या. अवघ्या बारा तासांत बहुतेक माहिती आणि राखीव प्रतीही पुसल्या गेल्या. कंपनी बंद पडली. यंत्रे जागच्या जागी होती. किल्ली तेवढी परक्याच्या हाती गेली होती.

तेव्हा आज सवडीने तीन कामे करा. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा. पासवर्डनंतर मोबाइलवर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय सुरू करा. आणि महत्त्वाच्या फोटोंची, कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवा.

घरमालक कितीही भला असला, तरी बाहेर पडताना कुलूप आपणच ओढून पाहतो. इथेही तेच करायचे.