वायरला काय माहीत विंडोज की लिनक्स?

"लिनक्स आहे न सर, मग नेट नाही चालणार."

हे वाक्य नागपुरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोक्यात तिडीकच जाते. बोलणारा असतो ब्रॉडबँडवाल्याचा माणूस. ऐकणारा असतो नवाकोरा कॉम्प्युटर घेऊन बसलेला कोणीतरी, ज्याने लायसन्सचे पैसे वाचवायला किंवा निव्वळ हौसेने त्यावर उबुंटू टाकलंय. पुढचं ठरलेलं. संध्याकाळपर्यंत कुठूनतरी पेन ड्राइव्हवर 'क्रॅक'वालं विंडोज येतं, उबुंटू पुसलं जातं, नेट सुरू होतं (किंवा होत नाहीच!) आणि बिल मात्र लिनक्सच्या नावावर फाटतं.

मंडळी, हे वाक्य साफ खोटं आहे. इथरनेटचं ८०२.३ हे मानक १९८३चं. कॉम्प्युटरला आयपी पत्ता देणारं डीएचसीपी आज ज्या स्वरूपात चालतं, ते १९९७चं. ही मानकं कुठल्याही एका कंपनीच्या मालकीची नाहीत आणि त्यांत 'समोर विंडोज असेल तरच' अशी अट कुठेही नाही. गंमत म्हणजे घराघरात जे राउटर लावलेले असतात, त्यातल्या बहुतेकांच्या आत लिनक्सच असतं. म्हणजे दिवसभर लिनक्सची खोकी वाटत फिरायचं आणि वर म्हणायचं, लिनक्सवर नेट चालत नाही!

प्रतापनगरातल्या एका नातेवाइकांकडचा किस्सा सांगतो. गल्लीतल्या केबलवाल्याचं कनेक्शन, मध्ये राउटर नाही, वायर थेट कॉम्प्युटरला. नवीन मशीनवर नेट येईना. माणूस आला, त्याने तीच वायर जुन्या विंडोजवाल्या मशीनला लावली. नेट चालू. "बघा, विंडोजवर चालून राहिलं न!" झाला निकाल. अरे पण बाबा, तू एका वेळी दोन गोष्टी बदलल्यास. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि मशीनही बदललं. दोष नेमका पहिलीचाच, हे कशावरून?

मी टर्मिनल उघडून 'आयपी लिंक' बघितलं. 'नो-कॅरियर' दिसलं असतं तर वायर, पोर्ट किंवा ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा होती. तसं काही नव्हतं. 'इथटूल' सांगत होतं, लिंक आहे, वेग १०००. म्हणजे वायर ठीक (गिगाबिटला आतल्या चारही जोड्या शाबूत लागतात, एखादी तुटली की गाडी बहुधा १००वर येते), कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक. मग लॉग पाहिला. आमचं मशीन डीएचसीपीकडे पत्ता मागतंय, पलीकडून कोणी ढिम्म हलत नाही. कारण? कनेक्शन जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं. नवीन मशीनवर विंडोज असतं तरी हेच झालं असतं! फोन करून जुना मॅक काढायला लावला, नवा घालायला सांगितला, आणि पाच मिनिटांत नेट चालू. उबुंटूला बोटही लावावं लागलं नाही.

आता, लिनक्सकडे कधीच दोष नसतो असं मी म्हणणार नाही. नवीन मदरबोर्डवर रिअलटेकची २.५ गिगाबिटवाली आरटीएल ८१२५ चिप असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आला ५.४ आवृत्तीत, २०१९ साली. कोणी ड्रॉवरमधल्या जुन्या पेन ड्राइव्हवरून उबुंटू १८.०४ टाकलं, तर त्यातलं मूळचं ४.१५ कर्नल त्या चिपला ओळखणारच नाही. पण हे 'एलएसपीसीआय -एनएनके' या एका कमांडने समजतं: चिप दिसते, पण तिच्यापुढे ड्रायव्हरचं नाव नसतं. आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा, हे रडगाणं मोबाइल यूएसबीने जोडून टिदरिंग केलं की संपतं. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील तर आणखी एक भानगड: विंडोज बंद होताना काही कार्डांना असं झोपवून जातं की लिनक्सला ती मेलेलीच वाटतात. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून मशीन एकदा पूर्ण बंद करून बघायचं.

खरा राग मला त्या केबलवाल्या पोराचा नाहीच. त्याला दिवसात पंधरा घरं करायची असतात, शिकवलेलं असतं 'स्टार्ट'पासून पुढचं. राग आहे तो आपल्या जमातीचा. मिहानमध्ये नाहीतर परसोडीच्या आयटी पार्कात बसून दिवसभर लिनक्स सर्व्हर सांभाळणारे आपण, घरच्या कॉम्प्युटरचं नेट गेलं की पहिला सल्ला काय देतो? "फॉरमॅट मार." ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर असा फॉरमॅट मारून बघा ना एकदा!

ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. लिनक्सकडे पहिल्यांदाच वळणारे पुष्कळ जण आहेत, त्यात विद्यार्थीही आहेत. तुमच्या ओळखीतलं कोणी अडलं, तर फोनवर दहा मिनिटं द्या आणि कंपनीला फोन लावायला सांगा तो असा: "लिंक चालू आहे, डीएचसीपीला उत्तर येत नाही, जुना मॅक काढून हा नवा टाका." त्यावरही "पण सर, विंडोज..." असं आलं, तर सरळ सुपरवायझरला फोन द्यायला सांगा.