विषय कळला; म्हणणे कळले का?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत सारांशलेखन आले की पुष्कळ मुले उताऱ्यातली दर तिसरी ओळ उतरवून काढतात. एक तृतीयांश शब्द भरले की काम झाले! शब्द मोजले जातात, वाचायचे राहून जाते.

उतारा कशाविषयी आहे, हा झाला विषय. त्याविषयी लेखक काय म्हणतो, हा मुद्दा. जोतीराव फुल्यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा विषय शेतकरी, पण त्याच्या दुर्दशेचे मूळ अविद्येत आहे, हे त्यांचे म्हणणे.

बँकेत असताना जामीनदारांना मी विचारीत असे, ‘‘हा कागद कशाचा?’’ उत्तर येई, ‘‘भावाच्या कर्जाचा.’’ हा विषय झाला. मुद्दा १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये आहे: करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. ‘भावाने थकवले तर मला भरावे लागेल’ हे एक वाक्य त्याच्या तोंडून आल्याखेरीज मी सही घेत नसे.

मुलांकडूनही तेवढेच करून घ्यावे. परिच्छेद वाचून पुस्तक मिटायचे आणि लेखकाचे म्हणणे एका पूर्ण वाक्यात सांगायचे. मग पुस्तक उघडून पाहायचे, त्यातली उदाहरणे आणि आकडे त्या वाक्याला आधार देतात का? देत नसतील तर वाक्य बदलायचे. आज रविवार आहे. याच पुरवणीतला एखादा लेख घेऊन घरी करून पाहा. मुलांचे सही करण्याचे वय बघता बघता येते.