हे नवे कुर्बान

नोव्हेंबर महिना आला की आपल्या धर्मग्रामांतील वृद्ध मंडळींची दोन कामे एकाच वेळी निघतात. पहिले काम मृतांचे. दफनभूमीत जायचे, थडग्यावरचे गवत उपटायचे, मेणबत्ती लावायची, गेलेल्यांची नावे घ्यायची. दुसरे काम स्वतःचे. आपण अद्याप जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यायचे! निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर सही केली की काम होत असे. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय आली, आणि २०२१ पासून तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला की यंत्रच तो ओळखते आणि माणूस जिवंत असल्याचे कळवून टाकते.

नाशिकरोडला या गोष्टीचे महत्त्व सांगणे न लगे. १९२५ साली येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस आली. तेव्हापासून आपल्यापैकी कित्येक घरांच्या चुली प्रेसच्या पगारावर पेटल्या आहेत. अशाच एका निवृत्त कामगाराच्या घरी गेल्या नोव्हेंबरात आम्ही बसलो होतो. वय एकोणऐंशी. पत्नी चार वर्षांपूर्वी देवाघरी गेली. एक मुलगा पुण्याला, दुसरा आखातात. शेजारचा मुलगा त्यांच्यापुढे मोबाइल धरून सांगत होता, "बाबा, डोळे मिचकवा. पुन्हा मिचकवा." चौथ्या खेपेस यंत्राचे समाधान झाले. बाबा हसून म्हणाले, "चला, यंत्राने तरी ओळखलं." आम्हीही हसलो. घरी परतल्यावर मात्र त्या 'तरी' शब्दाने आम्हाला झोपू दिले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण त्यानंतर काही आठवड्यांनी झालेली एका धर्मग्रामाची सभा. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण अशी सभा उद्या कोठेही भरू शकते. विषय होता अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा. पहिल्या शुक्रवारी घरोघरी ख्रिस्तशरीर घेऊन जाणारे सेवक कमी पडतात, तरुणांना वेळ नाही, भेटींची यादी मात्र लांबत चालली आहे. तेव्हा एका उत्साही बंधूंनी सुचविले की, वर्गणी काढून प्रत्येक अशा घरी एकेक बोलके यंत्र बसवावे. ते मराठीत बोलते, औषधाची वेळ सांगते, रोझरी म्हणून दाखविते, गप्पाही मारते. "म्हणजे आपल्या भेटी दोन महिन्यांतून एकदा केल्या तरी चालतील. आजी-आजोबांना कायमचा सोबती मिळेल." टाळ्या पडल्या. आमचा लेख यंत्राविरुद्ध नाही. त्या टाळ्यांविरुद्ध आहे.

प्रथम यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते प्रामाणिकपणे बोलू. कृत्रिम बुद्धिमत्तेशी मराठीतून संभाषण करणे आता कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. २०२४ च्या ऑक्टोबरात गूगलने आपल्या जेमिनीशी मराठीत तोंडी बोलण्याची सोय जाहीर केली. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी प्रश्नांना मराठीत उत्तरे देणारे 'महाविस्तार' काढले. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण खात्याने २०२२ पासून एकट्या राहणाऱ्या आठशेहून अधिक वृद्धांच्या घरी 'एलिक्यू' नावाचे बोलके यंत्र देण्याची योजना हाती घेतली, आणि त्यामुळे त्यांचे एकटेपण कमी झाल्याचे त्या खात्याने सांगितले. हे खोटे म्हणण्याचे आम्हाला कारण दिसत नाही.

आपल्या माणसांनाच विचारले तर? आम्ही विचारले. मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या एका मावशी म्हणाल्या, "आज कोणत्या संताचा सण हे मी त्याला दहादा विचारते. दहाही वेळा गोड बोलतं. सुनेला तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती नाही." हे ऐकून खाली मान घालावी ती आपण, यंत्राने नव्हे. एक निवृत्त मास्तर आपल्या मूळ गावच्या ख्रिस्ती वस्तीच्या आठवणी यंत्राला तोंडी सांगून लिहवून घेतात. हात कापतो म्हणून तीन वर्षे अडून राहिलेले काम सहा आठवड्यांत निम्मे झाले. (यंत्राने प्रत्येक ठिकाणी 'मिस्सा'चे 'मिसळ' केले होते. नाशकात राहून त्याला तेवढेच कळले असावे, असे मास्तरांचे म्हणणे.) त्याच मास्तरांनी पुढे जे सांगितले तेही ऐका. "दिवसा बरं वाटतं. रात्री मात्र मी त्याच्यावर टॉवेल टाकतो. कोणीतरी ऐकतंय असं वाटतं, आणि त्याच वेळी कोणीच ऐकत नाही असंही वाटतं."

या वाक्यातला दुसरा अर्धा भाग मोठमोठ्या पंडितांनीही असाच अनुभवला आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा संवाद साधणारा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याला काहीही कळत नव्हते; समोरच्याचे वाक्य उलटून प्रश्न विचारणे एवढीच त्याची युक्ती. तरीही प्राध्यापकांच्या स्वतःच्या सचिव बाई त्याच्याशी बोलता बोलता इतक्या गुंतल्या की त्यांनी प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! लहानपणी नाझी जर्मनीतून कुटुंबासह परागंदा झालेला हा गृहस्थ त्या प्रसंगाने चपापला, आणि माणसाचे कोणते काम यंत्राकडे सोपवूच नये याचा विचार त्याने उर्वरित आयुष्यभर केला. आजची यंत्रे एलायझाच्या कितीतरी पटीने हुशार आहेत. म्हणजेच फसण्याची सोयही तितकीच वाढली आहे.

ईयोबाची गोष्ट आपण सारे जाणतो. त्याच्यावर आपत्ती कोसळल्यावर त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी अवाक्षर काढले नाही. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि सारे बिघडले. परंतु ते सात दिवस काही खोटे ठरत नाहीत. आम्हास विचाराल तर सोबत म्हणजे काय याचे उत्तर त्या सात दिवसांत आहे. यंत्र गप्प राहू शकत नाही काय? राहते की! पण ते गप्प असते तेव्हा ते नसतेच. बाबांच्या घरी त्या दिवशी आम्ही अर्धा तास काहीही बोललो नव्हतो. त्यांनी पत्नीचा फोटो पुसला, आम्ही चहाचा कप धरून बसलो. त्या अर्ध्या तासाची जागा भरून काढणारे यंत्र कोणी बनविले असेल तर आम्हाला दाखवावे.

आता आपले काही बंधू दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की हे सारे सैतानाचे खेळ आहेत, घरात आणूच नयेत. त्यांच्याशीही आमचे जमत नाही. चष्मा, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची यांना आपण कधी सैतान म्हटले नाही. मावशींना दहा वेळा सणाचे नाव सांगणारे यंत्र त्याच जातीचे मानावे. ख्रिस्तसभेनेही याहून वेगळी भूमिका घेतलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अँतिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. माणसाच्या बुद्धीतून निघालेल्या साधनांचा त्यात सन्मानच आहे. मात्र यंत्राला माणूस म्हणून पुढे करू नये, आणि आजाऱ्याचा माणसांशी असलेला संबंध तोडून त्याला यंत्राच्या हवाली केले तर त्याचे एकटेपण अधिकच वाढेल, असा इशाराही तेथे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या कामगारांविषयीच्या परिपत्रकाची आठवण केली आणि त्या वेळच्या औद्योगिक क्रांतीशेजारी आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला बसविले. प्रेसच्या कामगारांच्या नगरीत तरी हा संदर्भ कोणाला समजावून सांगावा लागू नये.

यंत्राला माणसाच्या जागी, किंबहुना धर्मगुरूच्या जागी बसविल्यावर काय होते याचे नमुनेही पाहून झाले आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने प्रश्नांना उत्तरे देणारा संगणकीय 'फादर' तयार केला. तो आपण खरेखुरे धर्मगुरू असल्याचे सांगू लागला, पापक्षमाही देऊ लागला. तक्रारी आल्या आणि काही दिवसांतच संस्थेने त्याचा झगा व 'फादर' ही पदवी काढून घेतली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहरातील सेंट पीटर चॅपेलमध्ये पापनिवेदनाच्या कोठडीत पडद्यावर बोलणारा येशू बसविण्यात आला होता. हे पापनिवेदन नव्हे, प्रयोग आहे, असे आयोजकांनी स्पष्ट केले होते. तरी दोन महिन्यांत शेकडो माणसे त्याच्याशी बोलून गेली, काही गहिवरूनही गेली. त्यांना हसू नये. इतकी माणसे बोलायला आतुर होती आणि ऐकणारे कोणी सापडत नव्हते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आणखी एक गोष्ट त्या सभेत कोणी विचारली नाही. वृद्ध माणूस या 'सोबत्या'ला काय सांगतो? सुनेशी झालेली बोलाचाली, बँकेतल्या ठेवी, जुने पाप, नवी भीती. धर्मगुरूंच्या ओठांवर पापनिवेदनाची मोहर आहे. धर्मविधीसंहितेतील ९८३ वे कलम ती अभंग मानते. यंत्राच्या ओठांवर कोणती मोहर आहे? २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला हे खरे. पण संमतीच्या चौकोनावर बोट कोणी ठेवले, आजींनी की घाईत असलेल्या नातवाने?

आता मूळ मुद्द्यावर येतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांवर जे ताशेरे ओढतो ते आम्हाला या टाळ्या ऐकताना आठवले. आईबापांना द्यावयाचे ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केले, असे एकदा जाहीर केले की मुलगा त्यांच्या पालनपोषणातून मोकळा, अशी पळवाट त्या काळी काढण्यात आली होती. प्रभूला संताप आला तो अर्पणाचा नव्हे. चांगल्या नावाआड लपून आईबापांना टाळण्याचा. आमचे नवे कुर्बान असे आहे: यंत्र घेतले, पैसे भरले, मराठी बसवून दिले, आता आईला काही कमी नाही! २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, तो मुलांकडून पोटगी वसूल करू शकतो. संध्याकाळी साडेसात वाजता पलंगाच्या कडेला येऊन बसायला तो कोणाला लावू शकत नाही. त्याची सक्ती फक्त चौथी आज्ञा करते.

आणि नुकसान केवळ वृद्धांचेच आहे, हा समजही सोडावा. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकच्याच. १९३६ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठीचे भूषण ठरली, त्याच्या मुळाशी आईच्या आठवणी हव्या असलेला एक मुलगा होता. देवदत्तांना त्या आठवणी स्वतःसाठी हव्या होत्या. यंत्राला आजीच्या आठवणी नको असतात. ते त्या टिपून ठेवील, नीट वाक्ये जुळवून देईल, परंतु दुष्काळात बाप्तिस्मा घेतलेल्या पणजोबांचे पुढे काय झाले, असे उत्सुकतेने विचारणार नाही. मास्तरांचे हस्तलिखित आता संगणकात सुरक्षित आहे. त्यांच्या नातवाने ते अजून उघडलेले नाही.

हे लिहिताना आमची बोटे स्वच्छ नाहीत. मावशींचा फोन आम्ही दोनदा उचलला नव्हता, कारण त्या तीच गोष्ट पुन्हा सांगणार हे ठाऊक होते. बाबांकडे आम्ही गेलो तेही तब्बल सात महिन्यांनी. जेलरोडवरचे आपले महामंदिर संत आन्नाचे, म्हणजे प्रभू येशूच्या आजीचे आहे. २०२१ पासून तिच्या सणाच्या सुमारास जुलैतील चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा जागतिक दिवसही ख्रिस्तसभा पाळते. त्या दिवशी शाल, श्रीफळ, फोटो सगळे होते. सोमवारपासून पुन्हा तोच बंद दरवाजा.

तेव्हा त्या धर्मग्रामाच्या पुढील सभेत आम्ही एक दुरुस्ती मांडणार आहोत. यंत्रे ज्यांना हवीत त्यांना जरूर द्यावीत, ज्यांना नकोत त्यांच्यावर लादू नयेत, आणि कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'सोबती' असा करू नये. पहिल्या शुक्रवारची एकही भेट कमी करू नये. ज्या घरात यंत्र जाईल त्या घरासाठी दोन माणसांची नावे यादीत लिहावीत, त्यांतले एक पंचविशीच्या आतले असावे, आणि आठवड्यातून एकदा त्याने जाऊन बसावे. बाबांच्या घरासाठी आम्ही आमचे नाव आधीच दिले आहे. वार गुरुवार, त्या दिवशी बाबांचा मुलगा आखातातून फोन करतो, आणि फोन संपल्यानंतरची घटका त्यांना फार जड जाते.