विनिफ्रेड : एका नावाची कुळकथा

ज्या घरात आजीचे नाव विनिफ्रेड होते, त्या घरात नात जन्मली की तिला तेच नाव द्यावे की न द्यावे, याविषयी अलीकडे बरीच कुजबुज होते. नाव जुनाट आहे, उच्चारास जड आहे आणि त्याचा अर्थ कोणास ठाऊक नाही, असे तीन आक्षेप आमच्या कानांवर येतात. पहिल्या दोहोंविषयी आमचे काही म्हणणे नाही. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. तिसरा आक्षेप मात्र निराधार आहे, म्हणून आज या नावाची कुळकथा सांगण्याचे योजिले आहे.

हे नाव इंग्रजी, अशी पुष्कळांची समजूत. वस्तुतः ते वेल्सचे. इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेल्या या डोंगराळ प्रदेशाची भाषा इंग्रजीहून सर्वस्वी निराळी व पुष्कळ जुनी. त्या भाषेत मूळ नाव ‘ग्वेनव्रेवी’ असे आहे. त्यातील ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र, गोरी. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ धन्य, पवित्र. आपला प्रभू डोंगरावरील प्रवचनात ज्यांना ‘धन्य’ म्हणतो, त्यांचे जग ‘शुभ्र’ आहे असे वेल्श भाषेत म्हणतात. ग्वेंडोलिन, ब्रॉनवेन, ऑलवेन या नावांतही हाच शब्द दडलेला आहे. ‘व्रेवी’ या उत्तरार्धाचा अर्थ कोणी ‘समेट’ असा करतात, तर कोणी ‘प्रवाह’ असा.

लॅटिन लेखकांनी आरंभीचा ‘ग’ गाळून ‘वेनेफ्रेडा’ केले. इंग्रजांच्या तोंडी ते आले, तेव्हा त्यांच्याकडे ‘विनफ्रिड’ नावाचे एक पुरुषी नाव आधीपासून होतेच. जर्मनीचे प्रेषित संत बोनिफास यांचे मूळ नाव हेच. दोन नावे एकमेकांत मिसळली व विनिफ्रेड झाले. म्हणून नावांच्या पुस्तकांत ‘शांतीची सखी’ असा जो अर्थ छापलेला आढळतो, तो त्या पुरुषी नावाचा आहे. अर्थ गोड खरा, पण उसना.

आता नावाच्या धनिणीकडे वळू. संत विनिफ्रेड सातव्या शतकातील. परंपरा सांगते की, कॅराडोग नावाच्या राजपुत्राने तिची अभिलाषा धरली. तिने नकार देऊन देवळाची वाट धरली, तेव्हा त्याने तलवारीने तिचे शिर उडविले. तिचे मामा संत ब्यूनो यांनी शिर धडास जोडून प्रार्थना केली व ती जिवंत झाली. मानेभोवती एक पांढरी रेघ तेवढी उरली. शिर पडले तेथे झरा फुटला. पुढे ती ग्विथेरिन येथे मठाध्यक्षा झाली व तेथेच निवर्तली.

तिची उपलब्ध चरित्रे बाराव्या शतकातील, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांनंतरची आहेत. शिरच्छेदाच्या कथेस इतिहास म्हणण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. परंतु झरा आहे, आणि त्यावरील भक्ती तर नि:संशय खरी आहे. वेल्सच्या उत्तरेस ज्या गावी तो आहे, त्या गावाचे इंग्रजी नावच ‘होलिवेल’, म्हणजे पवित्र विहीर. ११३८ साली संतेचे अवशेष इंग्लंडातील श्रूजबरीच्या मठात नेण्यात आले. १४१६ साली पाचवा हेन्री राजा पायी यात्रेस गेला, असे त्या काळच्या बखरकाराने लिहिले आहे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ बुडाले, १५४० मध्ये श्रूजबरीची समाधी उद्ध्वस्त झाली. पण होलिवेलची वाट मोडली नाही. कॅथलिकांना दंड व तुरुंग होत असतानाही यात्रेकरू येतच राहिले. पुढे दुसरा जेम्स व राणी मेरी यांनी येथे पुत्रासाठी प्रार्थना केली. १६८८ साली पुत्र झाला, आणि कॅथलिक वारस नको म्हणून त्याच वर्षी प्रजेतील धुरिणांनी राजाला घालवून दिले! १९१७ मध्ये खाणींचे पाणी काढण्यासाठी खोदलेल्या बोगद्याने मूळ झरा आटला. त्याच वर्षी दुसऱ्या भूगर्भातील प्रवाहाचे पाणी तेथे वळविण्यात आले व यात्रा पुन्हा सुरू झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी इंग्लंडात हे नाव घरोघर होते. कादंबरीकार विनिफ्रेड होल्टबी १८९८ ची. पुढे ते मागे पडले. दक्षिण आफ्रिकेतील विनी मंडेला यांचे नावही विनिफ्रेडच. गोवा, मुंबई व मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतही ते चांगले रुजले. आता इंग्लंडात आज्यांच्या नावांना पुन्हा मागणी आली आहे, त्यांत ‘विनी’ही आहे.

संतेचा सण वेल्समध्ये ३ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी पाळतात. ज्यांना नाव लांब वाटते, त्यांनी नुसते ‘ग्वेन’ ठेवले तरी मुळातला चांगला अंश हाती राहतो. आणि नोंदवहीत पूर्ण नाव लिहून घरी ‘विनी’ म्हणूनच हाक मारणार असाल, तर आजीलाही तिच्या आईने बहुधा तशीच हाक मारली असेल.