पिनकोड झाकला, पण मराठीतला उघडाच राहिला

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनसोबत मास्किंगचा, म्हणजे माहिती झाकण्याचाही उल्लेख आहे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मास्किंगचा कोड आता फक्त प्रोग्रामरचा विषय राहिलेला नाही. माझं म्हणणं असं, की हा कोड मराठी मजकुरावर चालवून पाहिला नसेल, तर तो तपासलाच नाही असं समजा.

मास्किंगचं काम साधारण असं चालतं: रेग्युलर एक्स्प्रेशनने नंबर शोधायचे, प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट नोंदवायचा, मग तेवढा भाग झाकायचा. पहिली चूक इथेच होते. पायथनमधलं ‘सर्च’ फक्त पहिला नंबर शोधून थांबतं. सगळे हवे असतील तर ‘फाइंडइटर’ वापरा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘मॅचऑल’ आहे, त्याला जी फ्लॅग द्यावाच लागतो.

दुसरी चूक आकड्यांची. ‘बॅकस्लॅश डी’ म्हणजे कोणताही अंक, असं आपण शिकतो. पायथन ३ मध्ये त्यात देवनागरी अंक येतात. जावास्क्रिप्ट आणि गो मध्ये मात्र फक्त इंग्रजी अंक. म्हणजे अर्जात कुणी ‘४११००१’ असं मराठीत लिहिलं, तर तिथला कोड पुढे निघून जातो आणि कुठलाही एरर येत नाही! तिथे युनिकोडचा ‘एनडी’ हा अंकांचा वर्ग वापरायला हवा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासोबत यू फ्लॅगही लागतो.

तिसरी चूक मोजण्याची आहे आणि मला तीच सगळ्यात धोक्याची वाटते. हा मजकूर घ्या: ‘पिन ४११००१, पिन ४११०३०’. मोजणी शून्यापासून, आणि वेलांटी वेगळी धरली जाते. पायथन सांगेल: ४ ते १० आणि १६ ते २२. (शेवटचा आकडा धरायचा नाही.) जावास्क्रिप्टमध्येही हेच येतं, फक्त मजकुरात आधी इमोजी असली तर फरक पडतो. गो मात्र बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून गो म्हणेल: १० ते २८ आणि ४० ते ५८.

आता समजा, शोधणारी सेवा गो मधली आणि झाकणारी जावास्क्रिप्टमधली. ती १० पासून पुढे झाकेल. दुसरा पिनकोड झाकला जाईल, पहिला मात्र सगळा उघडा! इंग्रजी मजकुरावर हीच सिस्टीम बिनचूक चालते, म्हणून चाचणीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय अवघड नाहीत. मोजणीचं एकक दोन्ही सेवांनी आधीच ठरवून घ्यावं. झाकण्याचा मजकूर कमी-जास्त लांबीचा असेल, तर शेवटच्या नंबरापासून उलट यावं, म्हणजे आधीच्या जागा सरकत नाहीत. आणि चाचणीत मराठी अंक असलेला एक तरी अर्ज असावा. शेवटी मराठीत अर्ज भरणाऱ्यालाही कायद्याने तेवढंच संरक्षण दिलं आहे.